गादीवाल्याची स्वप्नं

"तो मेलेला हिरो नव्या सिनेमात काम करणार आहे म्हणे," बायकोने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं.

"कुठला मेलेला?"

"तोच हो, कुरळ्या केसांचा. कॉम्प्युटरने त्याला पुन्हा हलता-बोलता केलाय. नाचणारसुद्धा आहे."

गादीवाल्याने टोस्ट चहात बुडवला आणि विचार केला. असल्या बातम्यांवर तो घाईघाईने मत देत नसे. "म्हणजे मेल्यावरही सुटका नाही बिचाऱ्याची," तो म्हणाला. "आणि शूटिंग लांबलं तर त्याला मधे आडवं कुठे करणार?"

बायको हसली. हसताना तिचे खांदे आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. सकाळचा हा कार्यक्रम त्यांच्या घरात वर्षानुवर्षं चालला होता. पहिल्या पानावरच्या मारामाऱ्यांत दोघांनाही रस नव्हता. शास्त्रज्ञांनी काय शोधलं, कुठल्या नटीने कोणाला सोडलं, कुठलं यंत्र आता काय करायला लागलं, एवढंच ती वाचायची आणि तो निकाल द्यायचा.

गाद्यांच्या दुकानात तो तरुणपणीच चिकटला होता. गाद्या मालकाच्या, पण नाव मात्र त्याला पडलं. दुनियेतला कुठलाही शोध तो गादीवरून तपासून घ्यायचा. अंतराळात माणसं भिंतीला पिशवी बांधून तिच्यात झोपतात हे ऐकल्यावर तो दोन दिवस गप्प होता. पुढचं शतक आपल्या धंद्याचं नाही, असं त्याने मग जाहीर केलं. बोलणाऱ्या फ्रिजची बातमी आली तेव्हा म्हणाला, आपला फ्रिज आत्ताही रात्रभर बोलतो, फक्त काय म्हणतो ते कळत नाही. बायको लाँड्रीच्या काउंटरवर बसायची, त्यामुळे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या यंत्रमानवाचा निकाल तिने दिला होता. "आमच्याकडे एक दिवस पाठवा त्याला. संध्याकाळी स्वतःचीच घडी घालून कोपऱ्यात बसेल."

त्या सकाळी हिरोचं संपल्यावर तिने पान उलटलं.

"हे ऐका. माणूस झोपलेला असताना त्याला काय स्वप्न पडतंय ते पडद्यावर दाखवणारं यंत्र निघालंय. डोक्याला वायरी लावायच्या आणि बघत बसायचं."

"आमच्या मालकाची बघायला सेन्सॉर बसवावा लागेल," गादीवाला म्हणाला. "आणि तिकीट लावलं तर माझ्या..."

बायको हसली नव्हती. बोट त्या बातमीवर ठेवून ती खिडकीकडे बघत होती.

"म्हणजे मला ती दिसेल," ती म्हणाली.

गादीवाल्याने टोस्ट बशीत ठेवला.

ती म्हणजे त्यांची मुलगी. जेमतेम दहा-बारा दिवस जगलेली. नाव काय ठेवायचं यावर दोघांचं एकमत व्हायच्या आतच गेली. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एकदा बायकोने उठल्या उठल्या विचारलं होतं, "तुमच्या स्वप्नात येते का हो ती? माझ्या नाही येत. एकदासुद्धा नाही."

खरं सांगायचं तर गादीवाल्याला जन्मात कधी स्वप्न आठवलेलं नव्हतं. तो आडवा पडला की थेट सकाळ व्हायची. पण बायकोच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "येते ना. काल आली होती."

"कशी होती?"

"मोठी झालीय. मान धरायला लागलीय."

बायको त्या दिवशी पोटभर जेवली. आता असं झाल्यावर कोण मागे फिरेल? दर महिन्या-दोन महिन्यांनी मुलगी स्वप्नात यायला लागली. रांगली, चालली, शाळेत गेली, दुधाचे दात पडून हसायला लागली. रोज येऊन भागणार नव्हतं, संशय आला असता. मागे काय सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागायचं, कारण बायको काहीच विसरत नसे. "चष्मा लागला होता ना तिला, तो कुठाय?" असं ती मधेच विचारायची आणि गादीवाल्याची धांदल उडायची.

माल मात्र त्याला दुकानातून मिळायचा. दुपारी दुकान अर्धवट झोपेतच असे. काचेवर ओढलेल्या पडद्यातून पिवळसर उजेड यायचा, प्लॅस्टिकच्या वेष्टणांवर पंख्याची सावली फिरायची, आणि आत आलेलं माणूस कितीही तावात असलं तरी गादीवर टेकलं की हळू आवाजात बोलायला लागायचं. गादी पसंत करताना माणूस पडून बघतो. अनोळखी माणसासमोर असं आडवं व्हायची वेळ फार कमी ठिकाणी येते. गादीवाला गिऱ्हाइकाच्या डोक्याशी उभा राहून लांबी-रुंदी सांगायचा आणि बरोबर आलेल्या पोरी न्याहाळायचा. एक पोरगी चपला काढून भिंतीशी जुळवून ठेवायची आणि मगच उड्या मारायची. एक हाताला प्लास्टर घालून आली होती. एक मोठी, परीक्षेला बसलेली, आईचा सौदा होईपर्यंत खरोखरच झोपून गेली. ज्या पोरी त्याला आवडत, त्यांच्यातलं थोडं थोडं तो घरी घेऊन जायचा. असं करता करता मुलगी पंचविशीची झाली होती.

पुढचे काही दिवस त्याने त्या यंत्राला नाही नाही ते बोलून घेतलं.

"पेपरवाल्यांचं काय खरं धरतेस? मागे म्हणाले होते उडत्या गाड्या येणार. आपल्याला अजून बसमध्ये उभं राहायला जागा नाही."

"बघून तर येऊ."

"आणि माझ्या डोक्यात काय काय निघेल. चारचौघात अब्रू जायची."

"तुमच्या डोक्यात गाद्यांशिवाय काय असणारे?" ती म्हणाली. "मला बाकीचं बघायचंच नाही. ती आली की मला सांगा म्हणणार, तेवढंच बघणार."

लाँड्रीत एका डॉक्टरचे पांढरे कोट यायचे. हा डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात झोपेच्या विभागात होता. बायको एरवी गिऱ्हाइकाशी कामापलीकडे बोलली नसती, पण त्याला तिने विचारलंच. वायरी लावून झोपेची तपासणी आमच्याकडे होते, दुपारचीसुद्धा होते, असं तो घाईघाईत म्हणाला आणि वेळ देऊन गेला. ती घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखी गडबड होती. "कुठली साडी नेसू?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "ती काय मला बघणारे?"

गादीवाल्याची पाचावर धारण बसली. आता एकच इलाज होता, खरोखरच स्वप्न पाडून घ्यायचं. त्याने रात्री जड जेवून बघितलं. पोट बिघडलं, स्वप्न काही पडलं नाही. उशाला त्या एवढ्याशा बाळाची झबली ठेवून बघितली, आणि ती तिथे आहेत या विचाराने डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी दुपारी दुकानात कोणी नाही बघून, ज्या गादीकडे तो गिऱ्हाइकालासुद्धा जपून न्यायचा त्या सर्वांत महागड्या गादीवर तो बूट काढून पडला. डोळे मिटले आणि मुलीला आणायचा प्रयत्न केला. चपला आल्या, चष्मा आला, प्लास्टर आलं. तोंड काही केल्या येईना.

"गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःलाच विकताय का?" मालकाने विचारलं.

"जरा बघत होतो," गादीवाला उठत म्हणाला.

"कशी आहे?"

"झोप येत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत दुकानातल्या मालाबद्दल तो पहिल्यांदाच वाईट बोलला होता.

तपासणीची खोली छोटी आणि गार होती. एक पलंग, एक पडदा, टेबलावर कॉम्प्युटर. गादी बघून गादीवाल्याचं मन खट्टू झालं, आत भुसा भरल्यासारखी होती. तपासणी करणारी मुलगी विशी-पंचविशीची. तिने त्याच्या डोक्यावर चिकट मलमाचे ठिपके लावले आणि एकेक वायर चिकटवली. बायको भिंतीलगतच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. शेवटी ती निळी साडी नेसली होती.

"काका, थोडे प्रश्न विचारते हं, सगळ्यांनाच विचारतो," मुलगी म्हणाली. "घोरता का?"

"घोरतात," बायको म्हणाली.

"रात्री उठावं लागतं?"

"एकदा."

"स्वप्नं किती वेळा पडतात?"

गादीवाल्याने काळ्या पडद्याकडे बघितलं. बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, कौतुकाने बघतात तसं. उत्तर तिला ठाऊकच होतं.

"काका? महिन्यातून किती? साधारण सांगितलं तरी चालेल. खरं तेच सांगा फक्त, नाहीतरी यंत्रात सगळं येतंच."

यंत्रात येणार होतं. आणखी तासाभराने तो काळा पडदा बायकोसमोर रिकामा राहणार होता, आणि ती निळ्या साडीत वाट बघत बसणार होती. ते त्याच्याने बघवलं नसतं.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"किती ते आठवत नाही?"

"स्वप्नच आठवत नाही. एकही नाही. कधीच."

मुलीने टकटक करून ते लिहून घेतलं. तिच्या दृष्टीने घोरण्यासारखंच तेही एक उत्तर होतं. "असतात अशी माणसं," ती म्हणाली. "काकू, तुम्ही आता बाहेर बसा, दिवा बंद करते."

बायको उठली आणि बाहेर गेली.

अंधारात गादीवाला डोळे उघडे ठेवून पडून राहिला. बाहेर खुर्च्यांची एक रांग होती, तिच्यातली एखादी सरकल्याचा आवाज येतो का ते ऐकत होता. ती निघून गेली असेल असं त्याला सारखं वाटत होतं. दिवा लागला तेव्हा मुलीने बायकोला आत बोलावलं. ती होती.

"काका झोपलेच नाहीत, त्यामुळे काही कळणार नाही," मुलगी म्हणाली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत नागमोडी रेघा होत्या.

"चित्र कुठंय?" बायकोने विचारलं.

"चित्र कसलं?"

"स्वप्नाचं. पेपरात आलं होतं."

मुलगी हसली, पण चांगलं हसली. "पेपरात काय, काहीही येतं काकू. आमच्याकडे एवढंच दिसतं. झोपलेत की जागे आहेत. कोणाच्या स्वप्नात कोण आलं ते देवालाच माहीत."

म्हणजे यंत्राला काहीच कळणार नव्हतं. तो एक शब्द बोलला नसता तर घरातली ती पोरगी अजून कितीतरी वर्षं जगली असती. केसांतलं मलम पुसत गादीवाला पलंगाच्या कडेला बसून राहिला. वायरी कधी काढल्या तेही त्याला कळलं नाही.

बसमध्ये दोघांना जागा मिळाली. बरेच स्टॉप गेल्यावर बायको म्हणाली, "तिचा हात मोडला होता तेव्हा मी आठवडाभर धड झोपले नव्हते."

"दुकानात आली होती एक पोरगी. प्लास्टर घालून."

"जोडला का तिचा नीट?"

"नंतर आली नाहीत ती माणसं," तो म्हणाला. "जोडला असेल. लहान होती."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रडलीही नाही, आणि गादीवाल्याला तेच जास्त लागलं.

त्यानंतर सकाळी ती पेपर मनातल्या मनात वाचायला लागली. तिचं पान वाचून झालं की तो घ्यायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. चंद्रावर पाणी सापडलं होतं. एक नटी आपल्या कुत्र्याचं लग्न लावणार होती. कुठेतरी एका यंत्राने कविता केली होती आणि तिला बक्षीस मिळालं होतं. "आता त्याला शाल कुठून पांघरणार?" असं तो म्हणायचा आणि तिच्या खांद्यांकडे बघायचा. खांदे हलत नसत. रात्री तो छताकडे बघत पडायचा. जन्मभर दुसऱ्यांना झोप विकली, आणि स्वतःची आता कुठे हरवली ते त्याला कळेना. दुकानातही पोरी यायच्या, उड्या मारायच्या. तो मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून लांबी-रुंदी सांगायचा. बघून त्यांचं करायचं काय?

असे किती दिवस गेले त्याने मोजलं नाही. एका सकाळी तो चष्म्याची काच पुसत होता. बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि पेपर न उघडताच समोर बसली.

"काल आली होती," ती म्हणाली.

गादीवाल्याने चष्मा तसाच हातात धरून तिच्याकडे बघितलं. त्याला ती धूसर दिसत होती.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे. कोट टाकायला आली होती धुवायला. खिसे रिकामे करायची अक्कल नाही अजून. बसची तिकिटं, गोळ्यांचे कागद, एक कानातलं. दुसरं हरवलंय म्हणाली. मी काढून ठेवलं सगळं बाजूला."

लोकांच्या खिशांतलं इतकं सगळं ती रोज काढून ठेवत होती, आणि त्यातलं आजवर एकदाही घरी आलं नव्हतं. गादीवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बोलली काही?" तो म्हणाला.

"घाईत होती. केस कापलेत तिने. इथपर्यंत." बायकोने मानेपाशी हात नेऊन दाखवला. "तुमची चौकशी करत होती. बाबांना झोप लागते का, म्हणाली."

"मग? तू काय सांगितलंस?"

"लागते म्हटलं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे टोस्टची बशी सरकवली.