मालकांचा एकुलता एक गुलाब

तिकीट काढून त्या फाटकातून आत शिरले तेव्हा माझ्या पिशवीत एक बाटली होती. रखवालदाराने ती हलवून बघितली. "पाणी आहे हो, दुसरं काय असणार?" मी म्हटलं. पाणीच होतं, फक्त त्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं होतं. बाबांनी या घराचं मीठ सव्वीस वर्षं खाल्लं होतं, म्हटलं एकदाचं परत करून टाकू. गुलाबाच्या मुळाशी रोज ओतलं तर झाड जळतं, हे मला बाबांनीच सांगितलेलं. अर्थात असं कधी करू नये म्हणून. पण मी रोज यायलाही तयार होते.

बाबा इथले मुख्य माळी. मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. नऊ वर्षं खपून बाबांनी एक गुलाब तयार केला. बाहेरून फिका, आणि उमलत गेला की आत विस्तव. अशा नाजूक जाती स्वतःच्या मुळांवर धड जगत नाहीत, म्हणून त्यांनी त्याचा डोळा काढून रानगुलाबाच्या खुंटावर भरला. म्हणजे खाली रानटी मुळं आणि वर बाबांचं कलम. धाकट्या मालकांनी ते झाड प्रदर्शनात नेऊन स्वतःच्या नावावर बक्षीस आणलं. वर हुकूम सोडला की दुसरं कलम करायचं नाही, जगात एकच राहिला पाहिजे. आयत्या बिळावर नागोबा!

बाबांना राहवलं नाही. चारचौघांत बोलून गेले, "माझा आहे तो." आठच दिवसांत त्यांच्यावर आळ आला, म्हणे कलमं चोरून विकतात. फाटकापाशी सगळ्या नोकरांसमोर आमच्या बोचक्यांची झडती झाली. आईचे कपडे मातीत फेकले. सापडलं काहीच नाही, तरी चोर तो चोरच. मी अकरा वर्षांची होते. पुढे बाबांना एकाही बागेत कुणी उभं केलं नाही. तो हात गोदामात पोती उचलण्यात गेला.

आणि चाळीस वर्षांत या माणसाने मालकांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मला तर त्याचाच जास्त संताप यायचा. गेल्या महिन्यात कळलं की महाल आणि बागा लोकांना बघायला खुल्या होणार. बाबा आता चौऱ्याऐंशीचे, डोळ्यांनी अधू. म्हणाले, "तू जाऊन ये गं. जगलाय का, एवढंच बघून ये." म्हटलं, बघते ना. चांगलीच बघते त्याच्याकडे.

आम्हा चाळीस जणांना एक पोरगी माहिती सांगत फिरवत होती. आरशांचं दालन, चाळीस खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, कशालाही हात लावू नका. मग पायऱ्या उतरून कारंजी, आणि हिरवळ तर अशी, की पाय ठेवण्याआधी माणसाने आंघोळ करून यावं. शेवटी लोखंडी कठड्यातलं एक झाड आणि त्यापुढे पितळी पाटी. 'मालकांनी स्वहस्ते निर्माण केलेला, जगातील एकमेव गुलाब.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी धाकटे मालक स्वतः उभे. सत्तरीचे झालेत, हातात काठी, लोकांचे नमस्कार घेताहेत.

मी झाकण काढलं, कठड्यावरून वाकले, आणि थांबले. पानं बघितली. एका देठाला सात-सात, बाबांच्या गुलाबाला पाचच असायची. फुलं पांढरी, चिमुकली, पाच पाकळ्यांची, घोसाघोसाने. अगं बाई! हा तर खुंट. खाली नीट बघितलं तर कलमाचा सांधा काळा पडून वाळलेला. खुंटाला खालून फुटवे येतात, ते वरचेवर खुडावे लागतात, नाहीतर तोच सगळं खाऊन कलमाला मारतो. माळ्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. या शहाण्यांनी जोमदार फुटवे बघून उलट खतं घातली असणार. आणि आता कुंपणाच्या काट्याला पितळी पाटी!

मला हसू आवरेना. मेलेल्याला काय मारायचं?

"काय झालं बाई?" मालकांनी विचारलं.

"तुमचा गुलाब मेलाय," मी खणखणीत आवाजात म्हटलं, म्हणजे मागच्या रांगेलाही ऐकू जावं. "कधीचाच. हा खुंट आहे, रानातला. स्वहस्ते निर्माण केलात आणि एवढंही कळलं नाही?"

ती पोरगी पाटी पुन्हा वाचायला लागली. मालकांनी खाली वाकून पाहिलं, बराच वेळ. "तुम्ही कोण?"

"मुख्य माळ्याची मुलगी. तुम्ही चोर ठरवलंत ना, त्याची."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्यांच्याकडे असेल ना एखादं कलम? एक काडी द्या. मी पाटी बदलतो, त्यांचं नाव घालतो."

"झडती तुम्हीच घेतली होतीत ना? काय सापडलं?" मी म्हटलं. "माझा बाप खरंच चोर असता ना, तर आज तुमचा गुलाब जिवंत असता."

बाटलीला झाकण लावलं आणि मी निघाले. फाटकाबाहेर येऊन मी बाटली गटारात ओतली.

बसमध्ये मात्र बाबा आठवले. नऊ वर्षं गेली ती बाबांची, त्या माणसाची नव्हे. घरी काय सांगू? 'भरभरून फुललाय' असं घोकत आले. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"जगलाय?"

खोटं बोलायला तोंडच उघडेना. "नाही बाबा. खुंट वर आलाय."

त्यांनी मान खाली घातली. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं तेवढी हलत होती. मग म्हणाले, "त्याला कळलं?"

"मीच सांगितलं. चाळीस माणसांसमोर."

"काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. बाबा ताठ बसले. "तोंड कसं झालं त्याचं? नीट बघितलंस ना? परत सांग."

दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना बाबा मांडीवर थाप मारून हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. ते पुसायला मी पदर पुढे केला, तर त्यांनी माझा हात झिडकारला.

"पुन्हा," ते म्हणाले. "चोर असता तर, तिथपासून सांग."