चाळणीखाली

शिवकन्यानं ओढणी नाकावर घट्ट बांधली आणि कॅमेरा वर धरला. खडी क्रशर सकाळपासून सुरू होतं. उंच लोखंडी सांगाड्यावरची चाळणी थरथरत होती, तिच्यातून खडी पट्ट्यांवर पडत होती. चाळणीच्या डाव्या बाजूचा जाड पत्रा काळ्या रंगात नवा कोरा दिसत होता.

"बदलला बघ," शेजारी उभे असलेले दत्तराव म्हणाले. "तू म्हनलीस तसंच केलं."

दत्तराव तिचे सख्खे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच तिला बोरीला आपल्या घरी आणलं, इंजिनिअर होईपर्यंत शिकवलं. आता ती यंत्रांमध्ये पडणाऱ्या भेगांवर संशोधन करत होती, आणि पाहणीसाठी आपलं क्रशर दिलं तेही मामांनीच. सतत हादरे खाऊन लोखंड थकतं, तडकतं. भेगेच्या कडा एकमेकींवर घासून तापतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ती रेघ उजळते. मागच्या खेपेला तिला या पत्र्यात अशी रेघ सापडली होती, टोकाला दोन फाटे फुटलेली. पत्रा तुटला तर चाळणी एका अंगानं खाली येईल, हे तिनं मामांना पडद्यावर दाखवून समजावलं होतं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "उद्याच बंद करतो, पोरी."

आज पडद्यावर तीच रेघ होती. तेच दोन फाटे. उघड्या, चकाकत्या लोखंडापेक्षा रंगवलेल्या पत्र्यावर उष्णता जास्त स्वच्छ उमटते. रेघ आधीपेक्षाही ठळक दिसत होती.

तिनं ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"मामा, पत्रा जुनाच हाय. फकस्त रंग दिलाय."

"कायतरीच."

"हे बघा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. "रस्त्याचं काम जोरात चालू हाय. आता बंद ठेवून कसं जमंल? पावसाळ्यात बदलू की."

"मला बदलला म्हणून सांगितलं तुमी."

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलं."

चाळणीच्या बरोबर खाली मजूर कमलबाई वाकून सांडलेली खडीची चुरी घमेल्यात भरत होती. शिवकन्या धावतच तिच्याजवळ गेली आणि तिच्या कानाशी ओरडली.

"कमलबाई, बाहेर व्हा इथून. वरचा पत्रा तडकलाय."

कमलबाई हसली. "ते मागं व्हतं, ताई. आमाला लय भ्या वाटायलं व्हतं. ऊसतोडीला जायचं ठरवलं व्हतं आमी. मग मालकच म्हनले, आमच्या शिवकन्यानं मशीन लावून बघितलंय, काय भ्यायचं काम न्हाई. तुमीच म्हनल्यावर मग ऱ्हायलो."

शिवकन्यानं कॅमेऱ्याचा पट्टा मुठीत गुंडाळला.

"मी असं म्हणले न्हवते," ती म्हणाली.

कमलबाईचं हसू मावळलं. तिनं एकदा वर पाहिलं, घमेलं तिथंच टाकलं आणि पदर सावरत फाटकाकडे चालू लागली. जाताना शिवकन्याकडे तिनं पाहिलं नाही.

शिवकन्या मात्र निघाली नाही. कमलबाईनं अंथरलेल्या पोत्यावर ती मांडी घालून बसली.

"शिवे, ऊठ तिथून!" मामा ओरडले. यंत्राच्या आवाजात शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत, नुसते ओठ दिसले. तिनं वर पत्र्याकडे बोट केलं. केबिनमध्ये ऑपरेटर मल्हार बटणावर हात ठेवून मालकाच्या खुणेची वाट पाहत होता.

दत्तरावांनी फाटकाकडे पाहिलं. तिथं खडी न्यायला आलेले रिकामे टिप्पर रांगेत उभे होते. मग त्यांनी भाचीकडे पाहिलं. पुन्हा एकदा टिप्परांकडे पाहिलं. मग हात वर केला.

चाळणी शेवटचे गचके खात थांबली. धूळ खाली बसू लागली. मामा धापा टाकत आले आणि तिला उठवायला हात पुढे केला.

"येडी हायस का तू? बंद केली न्हवं मी लगेच!"

शिवकन्यानं तो हात धरला नाही; जमिनीवर हात टेकून उठली आणि फाटकातल्या टिप्परांकडे पाहिलं.

"बघितलं, मामा," ती म्हणाली.