पालथी होडी

उघड्यावर ठेवलेल्या होडीचा खरा वैरी पाऊस नव्हे, तर तिच्यात साचून राहिलेलं पाणी, असं अण्णा म्हणायचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ धर्मराज. कॅम्पातल्या लष्करी भंगाराच्या लिलावात त्यानं एक जुनी लाकडी होडी आणि तिच्या पाठीमागं लावायची मोटर घेतली, तेव्हा 'बेळगुंदीच्या माळावर काय मासे धरणार काय रं?' म्हणून सगळ्या गावानं त्याला हसून घेतलं होतं. अण्णानं कुणाचं मनावर घेतलं नाही. हिडकलचं धरण नुकतंच भरलं होतं, काठच्या लोकांची शेतं पल्याड राहिली होती, आणि त्यांना ने-आण करायला कुणीतरी हवंच होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला, वारं सुटायच्या आत, तो होडी ट्रकात घालून घरी आणी. मग आमच्या परड्यात एक सोहळाच चाले. शेजारचे दोघे हाताशी घेऊन, चार माणसं घाम गाळून ती जड होडी दगडांच्या टेकूंवर पालथी घालायची. मोटर सोडवून, आतलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालवायची, प्लग काढून तेलाचे थेंब सोडायचे, सगळ्या अंगाला ग्रीस चोपडायचं आणि निपाणीच्या वखारीतून आणलेलं तंबाखूचं बारदान गुंडाळून पडवीच्या खांबाला उभी बांधायची. तंबाखूच्या वासानं उंदीर फिरकत नाहीत. शेवटी होडीवर ताडपत्री, पण खालून हात-दीड हात उघडी, म्हणजे वारं खेळतं. 'कोंडलं की कुजलं,' अण्णा म्हणे आणि माझ्या गाठी सोडून पुन्हा बांधे. मी तेव्हा उद्यमबागच्या फाउंड्रीत नुकता लागलो होतो, स्वतःला मोठा मेकॅनिक समजत होतो. तरी त्याच्या हाताखाली काम करताना जे सुख लागायचं ते पुन्हा कुठल्याच कामात लागलं नाही. त्याची डावी करंगळी लहानपणी बैलगाडीवरून पडून वाकडी झालेली होती, आणि गाठ आवळताना ती एकटी बाजूला उभी राहायची. तिच्यावरून मी त्याला फार चिडवायचो.

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीच्या सुमारास धरणावर वावटळ आली आणि होडी उलटली. आत एकटा अण्णाच होता. होडी सापडली, मोटर सापडली, अण्णा सापडला नाही.

अंबुवैनींनी कुंकू पुसलं नाही. 'तेनी पट्टीचं पवणारं हायत. कुठंतरी लागलं असतील काठाला,' एवढंच त्या म्हणत. आम्हीही बोलायचं टाळलं. होडी घरी आणून मी अण्णासारखीच पालथी घातली, मोटर उघडून वाळवली, पुसली, बारदानात बांधली. अण्णा आला तर त्याला वस्तू जिथल्या तिथं मिळावी, असं मला खरंच वाटत होतं. दरवर्षी खंडेनवमीला वैनी त्या मोटरीला कुंकू लावत आणि झेंडूची माळ घालत.

पहिल्याच पावसाळ्यात त्या मला म्हणाल्या, "भावजी, ही पालथी नगा ठिवू."

"पाणी भरंल की वैनी. कुजंल."

"कुजू द्या."

मी हसण्यावारी नेलं. बाईमाणसाला होडीतलं काय कळतं, असं माझ्या मनात आलं असणार. पण ऐन उन्हाळ्यात, सगळं परडं भाजून निघालेलं असताना, होडीखालची माती ओली लागायची. वासही परड्यातला नव्हे. धरणाच्या काठाला, शेवाळलेल्या दगडांना येतो तो. आतला निळा रंग मधोमध, शेजारीशेजारी दोन ठिकाणी घासून जायचा. मी दरवर्षी तिथं नवा हात द्यायचो, दरवर्षी तो जायचा. मुंगूस असेल, घूस असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

अशी पाच वर्षं गेली. आप्पांचं, आमच्या वडिलांचं, वय झालं होतं. पोराचं क्रियाकर्म आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढाच घोर त्यांना लागला होता. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तानीआत्या आली आणि तिनं तोड काढली. आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवतात, वर बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालतात, आणि सकाळी पिठावर पाऊल उमटलंय का बघतात. उमटलं तर माणूस पुढच्या जन्माला लागलं. अण्णाची जागा कोणती म्हणायची? आत्या म्हणाली, "हुडीखालचीच. बुट्टी तर आयतीच हाय."

वैनी उंबऱ्यातून पुढं आल्या. मग म्हणाल्या, "पाऊल उमटलं तर मी कुक्कू पुसती. न्हाय उमटलं तर मला पुन्यांदा कुणी इच्यारायचं न्हाय."

आप्पांनी मान डोलावली.

तिन्हीसांजेला आत्यानं होडीखाली वाकून जोंधळ्याचं पीठ पसरलं, हातानं सारखं केलं आणि मधे दिवा ठेवला. ताडपत्री मी जमिनीपर्यंत ओढून दगडांनी दाबली. कोंबडं-कुत्रं शिरायला नको. होडी अशी चारी बाजूंनी कोंडण्याची ती पहिलीच वेळ होती.

उजाडल्यावर सगळ्यांच्या देखत मी ताडपत्री वर केली. दिवा शांत झाला होता. पीठ सारवलेल्या भुईसारखं सपाट होतं. त्याच्यावर मुंगीसुद्धा चाललेली नव्हती.

वैनी हसल्या. किती वर्षांनी त्यांना हसताना बघत होतो! माझे डोळे भरून आले. आत्यानं हात जोडले, आप्पा काठी टेकत आत गेले, आणि "च्या ठिवती सगळ्यास्नी," म्हणत वैनीही वळल्या.

दिवा काढायला मी होडीखाली सरकलो. उठताना डोकं आपटू नये म्हणून वर पाहिलं. जिथं दरवर्षी रंग घासून जायचा, नेमक्या तिथंच, निळ्या फळ्यांवर पिठाचे दोन पांढरे तळवे उमटले होते. खालून वर रेटावं तसे, बोटं फाकलेली, रुतवून दाबलेले. डाव्या हाताची करंगळी एकटी बाजूला होती.

"भावजी, पाऊस आला. ताडपत्री वडून घ्या," पडवीतून वैनींचा आवाज आला.

मी बाहेर आलो. ताडपत्रीची दोरी सोडली, ती सगळी ओढून बाजूला टाकली.

"वैनी, हुडी उताणी करूया. एका अंगानं तुमी धरा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पदर खोचला आणि पावसातच पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या.

आप्पांना बाहेर बोलवावं, शेजाऱ्यांना हाक मारावी, असं मनात आलं होतं. पण हाक मारावी लागली नाही; होडी वर आली. आम्ही दोघांनी काठाला नुसते हात लावले होते.