निजलेली पेटी

"निजली असंल ताई, उठवा तिले," फरहा फोनवर म्हणाली, आणि 'लाल बटन दाबा' हे सांगायच्या आत रेंज गेली. सिंदेवाहीपलीकडच्या जंगलात फोन असाच दगा देतो.

चंद्रपुरातल्या फरहाच्या घरच्या कारखान्यात यंत्र कधी मरत नसे. फरहाचे अब्बा, जाहिदभाई, बर्फाच्या लाद्यांचे डबे ठोकता ठोकता कुल्फीची यंत्रं, दुधाचे कूलर आणि शेवटी मयत ठेवायच्या थंड पेट्या बनवू लागले. 'मेली' हा शब्द त्यांना खपत नसे. बंद पडलेली मशीन 'निजली', चालू झाली की 'उठली'. पेट्यांचं काम सुरू झाल्यावर तर हा नियम आणखी कडक झाला. गेल्या वर्षी ते गेले तेव्हाही फरहाने कारागिरांना एवढंच सांगितलं, "अब्बा निजले." दुसरा शब्द तिच्या जिभेवर आजवर आलाच नव्हता.

सकाळी बंद पडलेल्या या पेटीत, फोन करणाऱ्या रीताची आई, गुणाबाई, होती. मुलगा प्रफुल हैदराबादहून पोचेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत, तिला टिकवायचं होतं. पुन्हा फोन लागेना, तेव्हा फरहा स्टॅबिलायझर गाडीत टाकून स्वतःच निघाली.

ती पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. अंगणात पंधरा-वीस माणसं बसलेली, पण रडणं नाही. सगळे श्वास रोखून पेटीकडे टक लावून होते.

"बाई, तुमचं खरं निघालं," रीता कुजबुजली. "सकाळपासून उठवून राह्यली मी मायले. पाहा, काचेले वाफ धरली."

काचेवर, आतल्या बाजूने, नेमका म्हातारीच्या तोंडासमोर वाफेचा डाग होता. वीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई, तरी फरहा वाकली आणि डाग वाढतो का ते पाहत राहिली.

"झाकण उघडलं होतं?"

"थोडंसं. तोंड आत घालून हाका मारल्या. मायले कमी ऐकू येते ना."

म्हणजे तो श्वास रीताचाच होता. आपल्या घरच्या शब्दाने इथे काय करून ठेवलं ते कळलं आणि फरहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मी पेटीचं बोलली होती. मशीन निजली म्हनतो आमी. तुमची माय..." फरहाने रीताचा हात धरला. "तुमची माय मेली, ताई."

आणि मग, कोणी विचारलं नसताना, "माझे अब्बाबी मेले."

मागे एका म्हातारीने हंबरडा फोडला. रीता रडली नाही. तिने झाकण उचललं, आई उठल्यावर तिला थंडी वाजू नये म्हणून घातलेली वाकळ अंगावरून काढली, नीट घडी घालून मांडीवर घेतली.

"कर आता चालू," ती म्हणाली.