वाल्व्हमधला बर्फ

गेली दोन वर्षं त्या घरात मोबाइलला जो मान होता, तो घरातल्या कुठल्याच माणसाला नव्हता. जेवताना तो ताटाशेजारी असायचा, आंघोळीच्या वेळी बाथरूमच्या खिडकीत असायचा आणि रात्री नवरा-बायकोच्या मधोमध झोपायचा. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड मशिनला लावून रक्त धुऊन घ्यायचं, पाणी मोजून प्यायचं आणि कुणाची तरी किडनी मिळेल म्हणून वाट बघायची, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. फोन आला की असेल तसं निघायचं होतं, आणि हॉस्पिटल डोंगरापलीकडे होतं.

तेव्हा गाडी कायम तयार हवी, यावर घरात दुमत नव्हतं. तयार म्हणजे नेमकं काय, यावर मात्र सासऱ्यांचं आणि सुनेचं जन्मात जमलं नसतं.

सासऱ्यांनी उभी हयात दुधाचा टँकर चालवला होता. बर्फात चाकातली हवा जरा कमी ठेवली की चाक रस्ता धरून चालतं, असं त्यांचं मत होतं आणि ते बदलू शकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिथे केसभर फरक पडला तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. त्यामुळे गाडीच्या दारावर छापलेला हवेचा आकडा तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होता. थंडीने चाकातली हवा आकसते, म्हणून हिवाळ्यात उलट वरचेवर भरायला हवी, हेही तिने कुठेतरी वाचून ठेवलं होतं.

भांडण म्हणाल तर एकदाही झालं नाही. आजारी माणसासमोर आवाज चढवायचा नाही, असा घरात अलिखित नियम होता. सकाळी सासरे गुपचूप जाऊन हवेचं मीटर लावायचे आणि थोडी हवा सोडायचे. संध्याकाळी सून गुपचूप मीटर लावायची आणि पायाच्या पंपाने ती परत भरायची. आपल्यामुळेच गाडी धडधाकट आहे, असं दोघांनाही मनापासून वाटायचं.

फोन आला तो दुपारी, बाहेर सकाळपासून बर्फ पडत असताना.

"तुमचा नंबर पहिला आहे," हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या. "सहाच्या आत पोहोचा. दुसऱ्या पेशंटलाही बोलावून ठेवलंय. तुम्हाला जमलं नाही तर आम्हाला थांबता येणार नाही. किडनी फार वेळ टिकत नाही."

घरात एकच धांदल उडाली. नवऱ्याला मास्क लावून, कांबळ्यात गुंडाळून मागे बसवलं. डिकीत फावडं होतं, चाकाखाली टाकायला रेतीच्या पिशव्या होत्या, दोरखंड होता, पायाचा पंप होता. या सगळ्याला जागा व्हावी म्हणून स्टेपनी कधीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. सासऱ्या-सुनेचं ज्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं ती ही, आणि तीच अंगाशी आली. निघता निघता सासऱ्यांनी चारी चाकांना मीटर लावून पाहिलं. ते दरवाजाला कुलूप लावायला गेले, तेवढ्यात सुनेनेही पाहून घेतलं.

गाडी ती चालवत होती. सासरे शेजारी बसून तोंडाने चालवत होते.

"ब्रेक मारू नकोस. गिअरवर उतरव."

"उतरवतेय, बाबा."

"बाबा, तिला चालवू द्या," मागून नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

चढ सुरू झाला आणि समोर चाकातल्या हवेचा पिवळा दिवा लागला. सासऱ्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. पुढच्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला घसरला तेव्हा तिने कशीबशी ती रस्त्याच्या कडेला घेतली.

मागचं डावं चाक रिमवर बसायला आलं होतं. सुनेने पंप काढला, नळी लावली आणि पाय दाबला. गारठ्याने कडक झालेली रबरी नळी मधोमध तडकली. तिने पुन्हा पाय दाबला, पुन्हा दाबला, आणि प्रत्येक वेळी सगळी हवा त्या चिरेतून बाहेर पडत राहिली. सासऱ्यांनी तिचा दंड धरून तिला थांबवलं. हॉस्पिटलला फोन केला तर ते म्हणाले, गाडी पाठवतो, पण रस्त्याची अवस्था बघता सहाच्या आत पोहोचेल असं वाटत नाही. नवरा काचेतून बघत होता. तिला रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ नव्हता.

सासऱ्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात वर केले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग खालून एक गाडी जपून चढत आली आणि त्यांच्यापासून चार हातांवर थांबली. लोकरीची टोपी कानावर ओढलेला एक माणूस उतरला. पुढच्या सीटवर शाल गुंडाळून कुणी बाई बसली होती.

टोपीवाल्याने बसलेलं चाक पाहिलं. तो खाली बसला, बोटाला थुंकी लावली आणि वाल्व्हच्या तोंडावर टेकवली. थुंकीचा बुडबुडा फुगला.

"इथूनच जातेय. पंक्चर नाहीये. यात सारखी हवा कोण बघतं?"

सासरे आणि सून, दोघंही चाकाकडे बघत राहिले.

"मीटर लावताना ओल आत गेली असणार. ती वाल्व्हमधल्या पिनेवर गोठलीय, म्हणून पिन घट्ट बसत नाहीये. बर्फ वितळला पाहिजे. हवा भरायला माझ्याकडे पंप आहे, गाडीच्या बॅटरीवर चालणारा."

सासऱ्यांनी हातमोजा काढला, बर्फात गुडघे टेकले आणि वाल्व्ह उघड्या हाताच्या मुठीत धरला. बोटं लालभडक झाली तरी मूठ सोडली नाही. त्यांचं वय झालेलं, वर मधुमेह, म्हणून मुलाला द्यायला निघालेली त्यांची किडनी डॉक्टरांनी नाकारली होती. त्या दिवसापासून हा माणूस चाकांच्या मागे लागला होता. हे सगळं सुनेला माहीत होतं, आणि तरी ती त्यांच्यावर चिडत आली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"एवढ्या बर्फात कुठे निघालात?" टोपीवाल्याने विचारलं.

"मुलाला किडनी मिळतेय," सासरे म्हणाले. थंडीने कुडकुडतानाही त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात. पहिला नंबर लागलाय आमचा."

टोपीवाला जागच्या जागी थांबला. त्याने गाडीतल्या मास्क लावलेल्या माणसाकडे पाहिलं, मग वळून स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. सुनेनेही तिकडे पाहिलं. शालीतल्या बाईचा चेहरा सुजलेला होता आणि त्याचा रंग तिच्या ओळखीचा होता. तो राखाडी रंग ती रोज उशाशेजारी बघत होती.

सासऱ्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. सुनेच्या मात्र सगळं लक्षात आलं होतं. काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं, पण काय बोलणार? हात जोडले असते तरी मागणं काय होतं, तर तुमच्या माणसाचं आमच्या माणसाला द्या.

टोपीवाला आपल्या गाडीत जाऊन बसला. आत दोघांचं बोलणं चाललेलं दिसत होतं. बाईने एकदा मान वळवून या तिघांकडे पाहिलं. मग गाडी हलली, त्यांना वळसा घालून पुढे निघाली. सून बंपरला धरून बघत राहिली. ती त्याला दोषसुद्धा देऊ शकत नव्हती, कारण त्याच्या जागी ती असती तर केव्हाच निघून गेली असती.

थोडं पुढे जाऊन गाडी थांबली आणि मागे येऊ लागली. मागे, मागे, अगदी हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली. टोपीवाला पंपाची वायर सोडत उतरला.

"वायर तोकडी आहे," तो म्हणाला. "गाडी जवळ घ्यावी लागते."

त्याने पुन्हा थुंकी लावून पाहिली. या वेळी बुडबुडा आला नाही. त्याने पंप लावला.

"किती भरायची?"

"ही सांगेल तेवढी," सासरे म्हणाले.

पंप घरघरत होता, आकडा मुंगीच्या पावलाने चढत होता. टोपीवाला आकड्यावरची नजर न काढता हळूच सुनेला म्हणाला, "माझी बहीण आहे. दुसरा नंबर तिचा. ती म्हणाली, लवकर भर, त्यांना उशीर होतोय."

सुनेने तोंड उघडलं.

"काही बोलू नका," तो म्हणाला. "बोललात तर माझं मन फिरेल. मी पुढे राहतो. माझ्या चाकांच्या खुणांवरून या."

उरलेला सगळा घाट ती त्या दोन खुणांवर नजर ठेवून चढली आणि उतरली. सासऱ्यांनी एकदाही सूचना दिली नाही.

सहाच्या आत दोन्ही गाड्या पोहोचल्या. नवऱ्याला लगेच आत घेतलं, रक्त तपासायला नेलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला सासरे आणि सून, दुसऱ्या टोकाला बहीण-भाऊ. तपासणीत काही बिनसलं तर दुसरा नंबर लागणार होता, म्हणून त्यांनाही थांबवून ठेवलं होतं. सासऱ्यांना आता सगळं कळलं होतं. ते मान खाली घालून बसले होते. नवऱ्याचं रक्त जुळावं म्हणून सून मनातल्या मनात धावा करत होती, आणि तो धावा कुणाच्या विरुद्ध चाललाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती थांबली नाही.

दार उघडलं. नर्स आधी सुनेकडे आली. "जुळलं. ऑपरेशनला घेतोय."

मग ती बाकाच्या दुसऱ्या टोकाशी गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. पुन्हा नंबर आला की कळवू."

टोपीवाल्याने डोळे मिटून घेतले. बहिणीने शाल नीट केली आणि विचारलं, "मग आता पाणी प्यायले तर चालेल का मला? फोन आल्यापासून काही घेतलं नाहीये. ऑपरेशन झालंच तर पोट रिकामं असावं म्हणून."

"अर्धा ग्लास," नर्स म्हणाली. "त्याहून जास्त नको."

सून उठली, पाण्याच्या नळाशी गेली आणि ग्लास उजेडात धरून, मोजून अर्धा भरला. तो दोन्ही हातांनी धरून ती त्या लांबलचक बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.