लक्षणीय बदल नाही

"थांबा डॉक्टर, हे सातही एका रांगेत लावतो, मग बोला." मास्तरांनी डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन, फोन, पाण्याचा ग्लास सगळं बाजूला सारलं आणि एकेक रिपोर्ट सालाप्रमाणे मांडायला सुरुवात केली. तीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कापड कापलेला माणूस. टेबल दिसलं की आधी मोकळं करायचं, मग ते कुणाचं का असेना. शेजारच्या खुर्चीत त्यांची लेक संकोचून बसली होती.

लेकीला आजार आईकडून आलेला. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. कॅन्सरच्या नव्हेत, साध्या. साधी गाठ म्हणजे जीव घेत नाही. बाकी काय घ्यायचं ते घेते. आईचे दोन्ही कान तिने घेतले आणि शेवटची अकरा वर्षं ती बाई घरात पाटीवर लिहून बोलली. लेकीचा डावा कान विशीच्या आतच गेला. राहिला उजवा. त्यावर दरवर्षी नजर ठेवायची, गाठ वाढायला लागली की लहान असतानाच काढायची, म्हणजे कान वाचण्याची आशा, असं ठरलं होतं. त्या एका कानाच्या जोरावर ती कुरियर कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घेत होती.

दरवर्षी एमआरआय होई आणि रिपोर्टच्या तळाशी तीच ओळ येई : मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही. मास्तर तेवढी ओळ वाचत आणि खुशीत तिला आइस्क्रीम खायला नेत. यंदाही ओळ आली. पण गेले चार महिने पोरगी फोनवर पत्ते चुकीचे लिहून घेत होती, साहेबांची बोलणी खात होती. मास्तरांना चैन पडेना. रविवारी बंद कारखान्यात त्यांनी सगळे रिपोर्ट कटिंगच्या टेबलावर अंथरले आणि मधले आकडे पहिल्यांदा वाचले. नऊ मिलिमीटर. साडेदहा. बारा. साडेतेरा. पंधरा. साडेसोळा. अठरा. मास्तर तिथेच स्टुलावर बसले.

तेच आकडे आता डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"दोन मिलिमीटरच्या आतला फरक आम्ही मोजण्यातला फरक धरतो," ते संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून म्हणाले. "रिपोर्ट लिहिणारा मागच्या वर्षीच्या फिल्मशी ताडून बघतो. त्या दृष्टीने यातला कुठलाच रिपोर्ट चुकीचा नाही."

"कुठलाच नाही?"

"तसा... नाही."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. "आमच्याकडे नवा कटर आला ना, की पहिल्याच दिवशी बजावतो. कापलेल्या बाहीवरून पुढची बाही कापायची नाही. दर वेळी पुठ्ठ्याचा मूळ फर्मा घ्यायचा. नाहीतर दर बाही रेघेएवढी वाढते, कुणाला दिसत नाही, आणि पन्नासावी बोटभर मोठी निघते. सातवी नापास माणसाला कळतं हो हे! आणि तुमच्या भिंतीवर एवढ्या पदव्या!"

"मी सगळे एकत्र बघायला हवे होते," डॉक्टर म्हणाले.

समोरच्याने चूक कबूल केली की भांडणाऱ्याची पंचाईत होते. शिवाय मास्तरांना माहीत होतं, की रिपोर्टांची पिशवी सहा वर्षं त्यांच्याच कपाटात होती.

"आता पुढे?"

"गाठ मेंदूला टेकायला आलीय. महिन्याभरात काढावी लागेल." डॉक्टरांनी तेही पडद्यालाच सांगितलं. "कान वाचणार नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी कदाचित..."

"काय म्हणतायत?" लेकीने विचारलं. डॉक्टरांचं तोंड दिसत नसल्यामुळे तिला काही उमगलं नव्हतं.

"जाताना सांगतो," मास्तर म्हणाले आणि रिपोर्ट गोळा करू लागले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. लेक तिथे बसली.

"सांगा की बाबा."

मास्तरांनी तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं.

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. बस चढ चढत होती, इंजिन बोंबलत होतं.

"मोठ्याने बोला ना!"

"ऑपरेशननंतर तुला काही ऐकू येणार नाही!"

अख्खी बस वळून बघायला लागली. तिकीट फाडता फाडता कंडक्टरचा हात थांबला.  बराच वेळ लेक मांडीवरच्या पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

"एवढं ओरडायला नको होतं," ती म्हणाली.

"मी नुसती खालची ओळ वाचत गेलो गं," मास्तर पुटपुटले. हे मात्र त्यांना मोठ्याने म्हणता येईना. तिने 'काय?' म्हणून विचारलंही नाही.

मग तिने दोन्ही हातांनी जोर लावून खिडकीची काच सरकवली आणि उजवा कान बाहेर केला. हॉर्न, ब्रेक, कुठेतरी चाललेलं ड्रिलिंग, शाळा सुटल्याचा कालवा, सगळं धाडकन आत आलं.

"अहो, लावा ती खिडकी," मागच्या सीटवरच्या बाई करवादल्या. "केवढा आवाज!"

मास्तर मागे वळले.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "आम्हाला चारच स्टॉप जायचंय."