चाहत्याच्या सतरा प्रतिक्रिया

बाबा गेले. आपला एकुलता एक चाहता आपल्यावर रुसून निघून गेला, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं धरू. बाबा आतल्या खोलीत बसलेत, चष्मा कपाळावर आहे आणि ते चष्मा शोधतायत.

बाबा शिलाई मशीनचे मेकॅनिक. छत्तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मशिनं दुरुस्त केली. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा हिंडणं थांबवलं आणि ब्लॉग सुरू केला. नाव ‘मशीन का रुसतं’. पहिला लेख बॉबिनवर, म्हणजे मशीनच्या पोटातल्या दोऱ्याच्या रिळावर. दुसराही बॉबिनवरच, कारण पहिल्यात सगळं मावलं नव्हतं. असे एकतीस लेख झाले. बाबा रोज संध्याकाळी ब्लॉग उघडायचे, ‘प्रतिक्रिया ०’ वाचायचे आणि बंद करायचे.

“त्या शून्याकडे रोज काय बघायचं?” आई म्हणायची. “कुंडीत लावलंय का ते?”

“अगं, लोक वाचतायत. विचार करतायत. वेळ लागतो.”

त्याच काळात मी पोटासाठी प्रतिक्रिया लिहीत होतो. दिवसाला ऐंशी. आमचं ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरची एक खोली, त्यात सहा टेबलं. गिऱ्हाईक म्हणजे गाद्यांची एक कंपनी. कुठल्याही ब्लॉगवर जायचं, लेखाचं कौतुक करायचं आणि हळूच गादीची लिंक ठेवून यायचं. अशा लिंका जितक्या जास्त, तितकी ती कंपनी इंटरनेटवर शोधणाऱ्याला वर दिसते. सरांनी भिंतीवर शिष्टाचाराचा कागद चिकटवला होता: निदान एक परिच्छेद वाचा. लेखकाशी आदराने बोला. श्रद्धांजलीच्या लेखाखाली ‘मस्त, असेच लिहीत राहा’ असं लिहू नका. हा शेवटचा नियम माझ्यामुळे आला होता.

महिनाभर टिकली ती प्रतिक्रिया जिवंत, लेखकाने काढून टाकली ती मेलेली. सर दर सोमवारी मोजायचे.

एकदा सरांच्या यादीत ‘मशीन का रुसतं’ आला. मी तो सोडून पुढे जाऊ शकलो असतो. पण संध्याकाळ होत आली होती, ऐंशीत एक कमी पडत होती आणि ते शून्य मलाही रोज दिसत होतं. ‘एक चाहता’ या नावाने मी लिहिलं: ‘काका, बॉबिनबद्दल फार उपयुक्त माहिती. मशीनवर वाकून पाठ दुखत असेल तर ही गादी जरूर पाहा.’ खाली लिंक.

घरी पोचलो तर बाबा दारातच उभे.

“आला!”

“कोण?”

“वाचक!”

“मला चारदा ऐकवून झालंय,” आई आतून म्हणाली. “पाचवी पाळी तुझी.”

“अरे, माझी पाठ दुखते हे त्याला कसं कळलं? मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही. किती बारकाईने वाचत असेल!”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात आईने पाण्याचा ग्लास पुढे केला, म्हणून पाणी प्यायलो.

बाबांनी चार परिच्छेद उत्तर लिहिलं. शेवटी विचारलं, ‘आपल्याकडे कुठलं मशीन आहे? काही त्रास?’ आता चाहत्याकडे मशीन असणं भाग होतं. मी त्याला पायाने चालवायचं एक काळं मशीन दिलं आणि मशीनला दुखणं दिलं: टाका उडतो, म्हणजे शिवताना मधला एखादा टाका पडतच नाही.

बाबांनी सुई बदलायला सांगितली. मी ऑफिसात बसून बदलली. त्यांनी दोऱ्याचा ताण कमी करायला सांगितला. केला. टाका उडतच राहिला, कारण तो सुधारला असता तर बोलणंच संपलं असतं. नवीन लेख थांबले. बाबांचा सगळा जीव त्या उत्तरांत. आणि दर वेळी मी खाली गादीची लिंक टाकत होतो, कारण सर लिंका मोजत होते.

पाच महिन्यांनी बाबांनी ती गादी मागवली.

“कशाला?” मी जवळजवळ ओरडलोच.

“इतक्या कळकळीने सांगतोय तो. नाही घेतली तर वाईट दिसतं.”

गादी पलंगापेक्षा वीतभर लांब निघाली. बाबांनी पायथ्याशी स्टूल लावून तिची सोय केली.

माझ्या सतरा प्रतिक्रिया झाल्या तोवर बाकीच्यांना वास लागला. केसांचं तेल आलं, परदेशातली नोकरी आली, आठ दिवसांत बारीक व्हा आलं. बाबांनी सगळ्यांना उत्तरं दिली. तेलवाल्याला लिहिलं, ‘मशीनला हे तेल चालणार नाही, तरी आपुलकीबद्दल आभार.’ मग या पाहुण्यांसाठी त्यांनी खास लेख लिहिला, ‘प्रतिक्रिया देताना’:

‘दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी बसावं. पाणी प्यावं. घरात काय चाललंय ते बघावं. आल्या आल्या पिशवीतून माल काढू नये. आमच्या चाहत्याकडून शिका. तोही गादी आणतो, पण आधी मशीनची चौकशी करतो.’

हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या ब्लॉगच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि दोन चौकोनांत खुणा केल्या. लिंक असलेल्या सगळ्या प्रतिक्रिया काढून टाका. यापुढची प्रत्येक प्रतिक्रिया लेखकाने मंजूर केली तरच दाखवा. तेलवाला गेला. नोकरीवाला गेला. आणि चाहताही गेला, सतराच्या सतरा वेळा, कारण लिंक त्याच्याकडेही होती. त्याच्याखालची बाबांची उत्तरं त्याच्याबरोबर गेली. दिवसाला ऐंशी लिंका चिकटवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही.

बाबा ओल्या केसांनीच येऊन बसले. ब्लॉग उघडला, वरखाली करून पाहिला.

“चाहता गेला रे.”

“ब्लॉगचीच काहीतरी गडबड असेल, बाबा.”

“नाही. मागच्या वेळी मी लिहिलं होतं, तुम्ही मशीनचा पट्टा उगाच आवळता. जरा फटकळच झालं ते. लागलं असेल.” मग थोड्या वेळाने, “नाहीतर कुणीतरी आत शिरलं असेल.” त्यांनी लगेच पासवर्ड बदलला.

“काय ठेवलात?”

“घरच्यांनाही सांगू नये, असं लिहिलंय तिथे.”

त्याच दिवशी त्यांनी लेख लिहिला, ‘चाहत्यास’. ‘माझं काही चुकलं असेल तर सोडून द्या. फक्त मशीनचं काय झालं तेवढं कळवा. सुई उलटी बसली असेल तरी टाका उडतो. हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.’

सोमवारी सर म्हणाले, “तुझ्या सतरा एकदम मेल्या की रे. कुठला ब्लॉग?”

“घरचा.”

“बरं. दुसरा बघ.”

लिंक न टाकता दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागली असती. पण मला बाबांना समोर बसवून सगळं सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी चांगला दिवस शोधत होतो. मंगळवारी त्यांना सर्दी होती. बुधवारी ते खुशीत होते, म्हटलं, कशाला. गुरुवारी दुपारी मी पोहण्याच्या एका ब्लॉगवर ‘काका, फारच छान’ लिहीत असताना आईचा फोन आला. बाबा जेवून त्या गादीवर आडवे झाले होते. उठले नाहीत. कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर ‘चाहत्यास’ उघडा होता. प्रतिक्रिया ०.

काल मी आयुष्यातली पहिली बिनलिंकची प्रतिक्रिया लिहिली. ‘काका, सुई उलटीच होती. सरळ केली. टाका आता उडत नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं.’ बटण दाबलं. खाली ओळ आली: ‘आपली प्रतिक्रिया लेखकाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.’

“काय म्हणतंय?” आईने विचारलं.

“थांबा म्हणतंय.”

बाबांच्या कॉम्प्युटरवरून मंजूर करायला गेलो, तर तो नवा पासवर्ड मागत होता. ब्लॉग कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की मंजुरीचा अधिकार फक्त लेखकाला आहे, कृपया लेखकाशी संपर्क साधावा. म्हणून हा अर्ज.

प्रति,
लेखक, ‘मशीन का रुसतं’,
आतली खोली.

विषय: प्रलंबित प्रतिक्रिया मंजूर करण्याबाबत.

महोदय,
अर्जदाराची एक प्रतिक्रिया आपल्याकडे मंजुरीसाठी पडून आहे. तीत कोणतीही लिंक नाही. अर्जदाराने आपले सर्व तेहतीस लेख, बॉबिनचे दोन्ही धरून, पूर्ण वाचले आहेत. तो आधी बसला आहे. पाणी प्यायला आहे. पिशवी आणलेली नाही. तरी सदर प्रतिक्रिया आपल्या सवडीने, शक्यतो आजच, मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.